मोरेचा उघडा जबडा

सातपुड्यातील धूलकोटच्या माणसाला समुद्र लांबचा. परंतु वाम मात्र त्याच्या ओळखीची आहे. बऱ्हाणपुरावरून वाहणाऱ्या तापीत ती सापडते : लांबट, सापासारखी, हातातून निसटणारी. कोकणच्या बाजारात याच नावाने विकला जाणारा मासा समुद्रातला असून त्याचे कूळ निराळे आहे. या समुद्री वामेची एक आप्त प्रवाळांच्या कपारीत राहते. तिला मोरे म्हणतात. या नावाचा मराठी आडनावाशी संबंध नाही. लॅटिनमधील ‘मुरेना’ हा शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून पुढे आला, तो हा.

१९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां या दोघांनी पाठीवरच्या नळकांड्यातील हवा पाण्याखाली सुखाने घेता येईल असे साधन सिद्ध केले. तेव्हापासून समुद्राचा तळ सामान्य माणसाला खुला झाला. आज तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसमंतातील प्रवाळ पाहावयास दूरदूरचे लोक येतात. मालवणचा हा समुद्र १९८७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला.

अशा ठिकाणी पाण्यात उतरलेल्या नवख्या माणसाला कपारीतून बाहेर आलेले मोरेचे डोके दिसले, तर त्याच्या छातीत धडकी भरते. तिचा जबडा सारखा उघडतो आणि मिटतो. आतील अणकुचीदार दात दिसतात. ती आता अंगावर येणार, असेच त्याला वाटते. वस्तुतः ती त्या वेळी केवळ श्वास घेत असते. इतर बहुतेक माशांच्या कल्ल्यांवर हाडांचे झाकण असते आणि त्याच्या हालचालीने पाणी आत ओढले जाते. मोरेच्या कल्ल्यांना दोन्ही बाजूंस एकेक लहानसे छिद्र तेवढे असते. म्हणून तोंडाच्या उघडझापीने तिला कल्ल्यांवरून पाणी खेळवावे लागते. माणूस ज्याला धमकी समजतो, तो तिचा प्राणव्यवहार होय.

याचा अर्थ ती निरुपद्रवी आहे, असा मात्र नव्हे. मोरेच्या सुमारे २०० जाती असून सर्वांत लांब जातीची लांबी सुमारे ४ मीटरपर्यंत भरते. तिच्या घशात दुसरा जबडा असतो. पहिल्या जबड्याने भक्ष्य पकडले की हा आतला जबडा पुढे येतो आणि घास ओढून नेतो. ही क्रिया कशी घडते, हे कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी २००७ साली दाखवून दिले. तिच्या तोंडात सापडलेले बोट सहजासहजी सुटत नाही, ते यामुळेच.

परंतु ती माणसाचा पाठलाग करीत नाही. तिची दृष्टी मंद व घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असते; बहुतेक जाती रात्री वास घेत शिकार शोधतात. अपघात होतात ते कपारीत हात घातल्याने, अथवा हाताने खाऊ घातल्याने. मासळीचा तुकडा कोठे संपतो आणि बोट कोठे सुरू होते, हे तिला कळत नाही. थायलंडच्या समुद्रात तिला हाताने खाऊ घालणाऱ्या एका पाणबुड्याचा अंगठा असाच गेला. शिवाय माणूस दिसला की खाणे मिळते, ही सवय तिला एकदा लागली, म्हणजे पुढे येणाऱ्या प्रत्येकाजवळ ती धीटपणे जाते. आणि मग तिच्यावर ‘हिंस्र’ असा शिक्का बसतो. दोष मात्र आधी येऊन गेलेल्याचा असतो.

वास्तविक मोरे सहकार्यही जाणते. तांबड्या समुद्रात हेकरूच्या कुळातील मासा तिच्या बिळापाशी येऊन डोके हलवतो आणि मग दोघे मिळून शिकारीस निघतात, असे निरीक्षण २००६ साली प्रसिद्ध झाले. मोकळ्या पाण्यात पळणारे भक्ष्य हेकरू धरतो. कपारीत दडलेले मोरेच्या वाट्यास येते.

म्हणून पाण्यात उतरणाऱ्याने काही साधे नियम पाळावेत. दिसत नाही त्या बिळात हात घालू नये. कोणत्याही माशाला काही खाऊ घालू नये, मग छायाचित्र कितीही सुंदर येणार असो. प्रवाळास स्पर्श करू नये, त्यावर पाय देऊ नये. बोटभर वाढावयास त्याला वर्षे लागतात, आणि मोरेचे घरही तेच. चार हात दूर स्थिर राहून पाहणाऱ्यास ती निवांत पाहू देते. त्या घरात माणूस पाहुणा आहे, आणि पाहुण्याने उंबरठा ओळखावा हे उत्तम.