वाचनाची सरमिसळ



"हल्ली काय वाचताय?" असं कुणी विचारलं की मी जरा चाचरते. खरं उत्तर द्यायचं तर एका दमात कृष्णविवर, शिवणयंत्राचा शटल आणि कॅनडातल्या एका मराठी बाईंच्या घरातला बर्फाचा दिवस, असं सगळं सांगावं लागतं. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं, या बाईंचं काही खरं नाही. नाशकात मिसळ हा शब्द किती आदराने घेतला जातो ते तुम्हाला सांगायला नको. पण वाचनाची मिसळ म्हटलं की लगेच कपाळाला आठी! एक विषय धरावा, तो तडीस न्यावा, हा उपदेश मी शाळेपासून ऐकत आले आणि तो काही मला पाळता आला नाही.

या सवयीचं मूळ आमच्या सावानात आहे. सावाना म्हणजे सार्वजनिक वाचनालय, नाशिक. मी बँकेत नोकरीला होते. काम सुटलं की घरी जायच्या आधी अर्धा तास टिळकपथावर वाचनालयात टेकायचं, हा माझा अनेक वर्षांचा नेम. तिथल्या मासिकांच्या टेबलाची एक गंमत असते. आपल्याला हवं ते मासिक नेमकं दुसऱ्याच्या हातात असतं. तो गृहस्थ ते सोडीपर्यंत समोर जे पडलं असेल ते चाळायचं. मला कथा वाचायची असायची आणि हाताला लागायचं 'सृष्टिज्ञान'. 1928 पासून चालत आलेलं हे विज्ञानाचं मासिक मी आवडीने नव्हे, नाइलाजाने वाचायला लागले. आवड मागून आली.

सावानाची स्थापना 1840 सालची. त्याच वर्षी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केलं. 'दर्पण' सगळ्यांना ठाऊक असतं, 'दिग्दर्शन' जरा मागे राहिलं. त्यात भूगोल होता, इतिहास होता, पदार्थविज्ञान, रसायन होतं. म्हणजे मराठी मासिक जन्माला आलं तेच मुळी सरमिसळ घेऊन. तेव्हा आमच्यासारख्यांनी उगाच संकोचण्याचं कारण नाही.

पुढे इंटरनेट आलं. भाच्याने संगणकावर मला एक सोय करून दिली होती. आपण निवडलेल्या ठिकाणी कुणी नवं काही लिहिलं की ते एका पानावर, तारखेच्या क्रमाने येऊन बसायचं. गूगल रीडर तिचं नाव. 2005 साली आलेली ही सोय 2013 च्या जुलैत बंद झाली. मग त्याने तसलीच दुसरी शोधून दिली. माझ्या त्या पानावर खगोलशास्त्रज्ञ होते, पूल बांधणारे होते, जुनी यंत्रं दुरुस्त करणारे होते, आणि नुसतं आपल्या घरादाराबद्दल लिहिणारेही होते. सावानाचं टेबलच घरी आलं म्हणा ना.

आता मूळ गोष्टीकडे येते. 2017 साली यांना कंपवाताचं निदान झालं. पार्किन्सन्स. हे सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. मायक्रोमीटरने मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारा माणूस, आणि त्याच्या हातातला चहा बशीत सांडायला लागला. त्या दिवसांत मी फोनवर दुसरं काय शोधणार? कंपवात, त्यावरचे उपाय, त्यावरचा आहार. आठ दिवसांत फोनने मला ओळखलं. मग मी काहीही उघडलं तरी समोर कंपवातच. थरथरणारे हात, रडणारे नातेवाईक, हमखास गुणाचे दावे, पुड्या, तेलं. कृष्णविवर गेलं, पूल गेले. माझी ती जुनी निवडलेली यादी मी कित्येक महिने उघडलीच नाही. वाटायचं, घरात हे चालू असताना शिवणयंत्राबद्दल वाचणं म्हणजे चैन.

त्या पुड्यांमध्ये खाजकुइलीच्या बियांची पूड होती. किंमत बरीच होती आणि आशा त्याहून मोठी. मी मागवणारच होते. पण एका जुन्या विज्ञानलेखात वाचलेलं अंधुक आठवत होतं म्हणून पुन्हा शोधलं. या बियांमध्ये लेव्होडोपा असतं, ही गोष्ट मद्रासच्या संशोधकांनी 1937 सालीच दाखवली होती. कंपवातात मेंदूच्या आत खोलवरच्या काळसर भागातल्या पेशी मरत जातात आणि डोपामिन हे द्रव्य कमी पडतं. लेव्होडोपापासून मेंदू ते द्रव्य तयार करतो. म्हणजे ती पूड थोतांड नव्हती, उलट तीच अडचण होती! यांच्या गोळीतही तेच औषध मोजून दिलेलं, आणि पुडीत किती आहे ते कुणी मोजलेलं नाही. डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं आधी विचारलंत. गोळीवर हे घेतलं असतं तर एकूण किती पोटात गेलं ते मलाही सांगता आलं नसतं." एखादी गोष्ट खोटी आहे म्हणून नव्हे, तर खरी आहे म्हणून टाळावी लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

दोन-तीन वर्षांनी नवंच सुरू झालं. हे चालता चालता थबकायला लागले. विशेषतः दाराशी. हॉलमधून स्वयंपाकघरात यायचं, तर उंबरठ्यापाशी पाय जमिनीला खिळल्यासारखे. अंग पुढे, पाय मागे. दोनदा पडले. मी म्हणायची, "अहो, टाका ना पाऊल." जणू ते मुद्दाम टाकत नव्हते! हे मान खाली घालून म्हणायचे, "टाकतोय गं, पण तो ऐकत नाही." याबद्दल फोन मला भरभरून सांगत होता, पण सगळं भीती घालणारं. पडणं, हाड मोडणं, अंथरूण.

उत्तर मिळालं ते भलतीकडे. एका रविवारी कंटाळून मी ती जुनी यादी उघडली. वस्तूंची रचना कशी करावी, यावर लिहिणारं एक ठिकाण तिच्यात होतं. खुर्च्या, कुलपं, किटलीच्या तोट्या, असलं काहीबाही. तिथे पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनरच्या 2015 सालच्या एका भाषणाबद्दल होतं. त्यांच्या काकांना कंपवात होता. सपाट जमिनीवर काकांचे पाय अडायचे, पण जिना मात्र ते सहज उतरायचे. हे पाहून त्यांनी घरातल्या सपाट जमिनीवर जिन्याचं चित्र अंथरलं, पायऱ्यांचा भास होईल असं. आणि काका त्यावरून चालत गेले.

मी ते दोनदा वाचलं. मग विज्ञानाच्या बाजूने शोध घेतला. पर्डन मार्टिन नावाच्या डॉक्टरांनी 1967 सालीच आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं, की जमिनीवर आडव्या रेघा आखल्या तर थबकणारे रुग्ण त्या ओलांडत पुढे जातात. आपण चालतो ते आपोआप, विचार न करता. कंपवातात ही आपोआप चालण्याची वाट अडते. पण डोळ्यांपुढे ओलांडायची खूण आली, की पाऊल टाकणं हे मुद्दाम करायचं काम होतं आणि मेंदू ते दुसऱ्या वाटेने करून घेतो, असा त्याचा सर्वसाधारण उलगडा दिला जातो. सगळ्यांनाच याचा उपयोग होतो असं नाही. पण करून पाहायला काय हरकत होती?

जिन्याचं चित्र काही मला जमणारं नव्हतं. मी रांगोळी घेतली. हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत हातभर लांबीच्या पांढऱ्या आडव्या रेघा ओढल्या. हे उंबरठ्यापाशी आले, थबकले, खाली पाहिलं. आणि पहिली रेघ ओलांडली. मग दुसरी. स्वयंपाकघरात पोहोचल्यावर वळून मला म्हणाले, "रेघा समांतर नाहीत तुझ्या."

श्रोतेहो, मी हसले की रडले ते मला आता आठवत नाही.

रांगोळी पायाखाली घसरते, हा धोका दुसऱ्याच दिवशी ध्यानात आला. मग यांनी आपली हत्यारांची पेटी मागितली. तीत वायरमन वापरतात ती पिवळी चिकटपट्टी होती आणि स्टीलची फूटपट्टी होती. खुर्चीत बसून यांनी मला मापं सांगितली आणि मी गुडघ्यांवर बसून पट्ट्या चिकटवल्या. दोन पट्ट्यांमध्ये पाऊण हात अंतर ठेवलं, ते फार झालं, मग कमी केलं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. निवृत्तीनंतर यांना एवढं तावातावाने बोलताना मी पाहिलं नव्हतं. अजूनही हे थबकतात, नाही असं नाही. पट्ट्या रोग बरा करत नाहीत. पण चहा घ्यायला स्वयंपाकघरात हे आपल्या पायांनी येतात.

आता विज्ञान आणि तंत्रज्ञान झालं. मग लोकांच्या घरगुती गोष्टी कशाला वाचायच्या, असं कुणी म्हणेल. माझ्या यादीत एक मुलगी आहे. तिच्या वडिलांना हाच आजार. तिने एकदा लिहिलं होतं, की बाबांना सदऱ्याची बटणं लावायला वीस मिनिटं लागली आणि ती त्यांच्यावर ओरडली, मग न्हाणीघरात जाऊन रडली. एवढंच. खाली उपदेश नव्हता. आदल्याच दिवशी मीही ओरडले होते. शास्त्राच्या कुठल्याही लेखात हे लिहिलेलं नसतं, की सेवा करणारं माणूस चिडतं आणि त्याला त्याची लाज वाटते. तिच्याच एका नोंदीत होतं, की जेवणाच्या वेळा बदलल्यावर बाबांची गोळी नीट लागू पडायला लागली. मी शोधलं, तर खरंच, डाळी-दुधातल्या प्रथिनांचे घटक आणि ही गोळी शरीरात एकाच दारातून आत जायला धडपडतात. डॉक्टरांना विचारून आम्हीही वेळा बदलल्या. तिचं लिहिणं शास्त्र नव्हे, पण कुठे शोधायचं ते तिने दाखवलं.

आणि शास्त्राची सुरुवात तरी कुठून झाली? लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली या आजारावर पहिली पुस्तिका लिहिली. तिच्यात सहाच माणसांची वर्णनं आहेत, आणि त्यांतली काही तर त्यांना रस्त्यात दिसलेली! कोण कसं वाकून चालतं, कसं पळत सुटल्यासारखं पुढे जातं, ते त्यांनी नीट पाहिलं आणि लिहिलं.

स्वतःबद्दल खरं कसं लिहावं, हे आम्हा नाशिककरांना शिकवायला लक्ष्मीबाई टिळक आहेत. त्यांचा जन्म इथल्याच जलालपूरचा, 1868 सालचा. 'स्मृतिचित्रे' मी संध्याकाळी यांना मोठ्याने वाचून दाखवते. वडिलांचं टोकाचं सोवळं, नवऱ्याशी झालेली भांडणं, आपली फजिती, काहीच त्यांनी झाकलेलं नाही. यांना हसू येतं. या आजारात चेहरा हळूहळू निर्विकार होत जातो, म्हणून ते हसू मी जरा मोजूनच ठेवते.

2021 च्या डिसेंबरात नाशकात साहित्य संमेलन झालं, तेव्हा अध्यक्ष होते जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत आणि 2025 च्या मे महिन्यात ते गेले. त्यांचं 'चार नगरांतले माझे विश्व' हे पुस्तक कुठल्या कपाटात ठेवावं, विज्ञानाच्या की आत्मचरित्राच्या, असा प्रश्न मला नेहमी पडतो. आमच्या घरी ते औषधांच्या डब्याशेजारी असतं, कारण गोळीनंतर अर्धा तास थांबायचं असतं तेव्हा ते वाचलं जातं.

फोनचं म्हणाल तर तो अजून मला कंपवातच वाढतो. त्याचा दोष नाही, मी जे मागितलं तेच तो पुन्हा पुन्हा आणून देतो. म्हणून मी दिवसातून एकदा, सकाळी, माझी यादी उघडते, आणि फोन त्यानंतर. यादीत दर महिन्याला एक तरी असं नाव घालते की ज्याचा आमच्याशी काडीचा संबंध नाही. सध्या एक दीपगृहांवर लिहिणारे गृहस्थ आहेत. नाशकात समुद्र नाही, तरी चालतं.

आणि आमच्या सोसायटीत ग्रंथपेटी येते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना 2009 साली नाशकात सुरू झाली. एका पेटीत शंभर पुस्तकं. काही महिन्यांनी ती पेटी पुढच्या गटाकडे जाते आणि दुसरी आपल्याकडे येते. आत काय आहे ते आपण ठरवायचं नसतं, हे मला फार आवडतं. पेटी उघडली की अगदी सावानाच्या टेबलासारखं होतं. मला हवं ते पुस्तक शेजारच्या काकू आधी उचलतात आणि मी उरलेलं घेते.

नवी पेटी येत्या रविवारी यायची आहे. पुस्तकं उचलायला हे स्वतः जिन्याने खाली येणार म्हणतात, जिन्याचं यांना अजून काही वाटत नाही. अडतं ते खालच्या सपाट पार्किंगमध्ये. तिथे पट्ट्या लावायची परवानगी मी सेक्रेटरींकडे मागितली आहे. पिवळी पट्टी संपली. मेन रोडवरून आणताना या वेळी रुंद आणा, असं बजावून सांगितलंय यांनी.