गल्ल्यातला पैसा गावात किती फिरतो

बडोद्याच्या किरकोळ व्यापाराचा जीव आजही मांडवीभोवतीच्या पेठांत आहे: मंगळबाजार, लहरीपुरा, रावपुरा. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली खंडेराव मार्केट उभारले आणि १९०८ साली बँक ऑफ बडोदा स्थापन केली. संस्थानातल्या व्यापार-उद्योगाला घरचेच भांडवल मिळावे, ही त्यामागची दृष्टी होती. आज शहरात आलेल्या साखळी दुकानांचा परिणाम जोखायचा तर कसोटी तीच लावावी लागते: ग्राहकाने दिलेल्या शंभर रुपयांपैकी किती गावात राहतात आणि किती हातांतून फिरतात?

दांडिया बाजारातला वाणी गावातल्या घाऊक पेढीवरून माल उचलतो, हातगाडीवाल्याला मजुरी देतो, पिशव्या जवळच्या छापखान्यातून घेतो. त्याच्या नफ्यातूनच गणेशोत्सवाची वर्गणी निघते. साखळीची खरेदी, हिशेब आणि जाहिरात मात्र मुख्यालयातून चालते. गावाच्या वाट्याला पगार, भाडे आणि कर येतात.

तरीही ग्राहकाचा फायदा खरा आहे. २००२ साली पवईत सुरू झालेल्या डी-मार्टने बहुतेक जागा स्वतःच्या ठेवल्या, पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते केले आणि त्या बळावर भाव उतरवले. पक्के बिल, छापील मुदत, माल हाताळून निवडण्याची मुभा हे सारे सामान्य कुटुंबाच्या सोयीचेच आहे. पण पगार लांबला की कामी येते ती वाण्याची उधारीची वही. पाव किलो तेल आणि चहाची पुडी नुसत्या नावावर लिहून मिळते. साखळीच्या काउंटरवर ती ओळख चालत नाही.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात अर्थतज्ज्ञ केनेथ स्टोन यांनी वॉलमार्टचा अभ्यास केला, तेव्हा वेगळेच नुकसान दिसले. दुकान आलेल्या गावाची एकूण विक्री वाढली, आसपासच्या लहान गावांची घटली. बडोद्याच्या मॉलचा हिशेबही म्हणूनच पादरा, डभोई, वाघोडियापर्यंत मांडला पाहिजे.

दूरच्या निर्णयाची जोखीम निराळी. २०२२ च्या फेब्रुवारीत थकलेल्या भाड्यापायी बिग बझार या साखळीची देशभरातली शेकडो दुकाने रिलायन्सच्या हाती जाऊ लागली. एक वाणी बसला तर पेठ थांबत नाही. साखळी बसली की पुरवठादारांची अख्खी रांग अडकते.

या प्रश्नावर विचार करण्यासाठी जमलेल्या सर्व प्रतिनिधींचे बडोद्यात मनःपूर्वक स्वागत. परिषदेच्या मधल्या वेळेत प्रत्येकाने खंडेराव मार्केटात एक फेरी मारावी आणि तिथल्या भाजीवाल्या बाईंना माल कुठून येतो, पैसा कुठे जातो, हे अवश्य विचारावे.