दंतचिकित्सालयातील निर्जंतुकीकरण : आरोग्य आणि पर्यावरण यांचा समतोल



दंतवैद्य आणि रुग्ण यांच्यात उपचाराच्या वेळी जेमतेम वीतभर अंतर असते. दात कोरणाऱ्या एअररोटरमधून आणि दात स्वच्छ करणाऱ्या अल्ट्रासॉनिक स्केलरमधून पाण्याचा फवारा उडतो. लाळ, रक्त व जंतू मिसळलेले त्याचे अतिसूक्ष्म तुषार काही काळ हवेत तरंगत राहतात. म्हणूनच ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ला महामारी म्हणून संबोधले, तेव्हा अधिक धोक्याच्या व्यवसायांत दंतवैद्यकाची गणना झाली.

टाळेबंदीनंतर दवाखाने पूर्ववत सुरू होऊ लागले ते भीतीच्या छायेत. एकदा वापरून फेकून देण्याचे अंगरखे, टोप्या, प्लॅस्टिकची आवरणे यांचे ढीग साचू लागले. मार्च २०२० ते नोव्हेंबर २०२१ या काळात केवळ संयुक्त राष्ट्रांच्या एका संयुक्त उपक्रमातून सुमारे ८७,००० टन संरक्षक साहित्य जगभर पाठविले गेले व त्यातील बहुतेक कचऱ्यात जाणार, असे जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२२ मधील अहवालात नमूद केले. रोगापासून माणसाला वाचविणारी साधनेच अशा रीतीने भूमीला व जलाला भार ठरली.

तथापि पर्यावरणरक्षण म्हणजे निर्जंतुकीकरणात काटकसर नव्हे. वापरलेले हातमोजे धुऊन पुन्हा घालणे हा रुग्णावर अन्यायच होय. गरज आहे ती विवेकाची.

पहिला विवेक म्हणजे संसर्ग उगमापाशीच रोखणे. रुग्णाची दूरध्वनीवरून आधी विचारपूस, आजारी व्यक्तीचे टाळता येण्याजोगे उपचार पुढे ढकलणे, शक्य तेथे फवारा न उडविणारी हाताची उपकरणे, दाताभोवती रबर डॅम, शक्तिशाली सक्शन आणि मोकळ्या हवेसाठी उघड्या खिडक्या. हवेत गेलेले जंतू रसायनांनी शोधत बसण्यापेक्षा ते हवेत जाऊच न देणे श्रेयस्कर.

दुसरा विवेक वस्तूवस्तूंतील भेद ओळखण्याचा. अर्ल स्पॉल्डिंग या शास्त्रज्ञाने उपकरणांचे तीन वर्ग केले. दात काढण्याचा चिमटा ऊतींत व रक्तात शिरतो. मुखातील आरसा केवळ आतील त्वचेला स्पर्श करतो. खुर्ची व दिव्याची मूठ मुखात जातच नाहीत. पहिल्या दोन वर्गांतील उष्णता सोसणारी उपकरणे, एअररोटरसह, ऑटोक्लेव्हमध्येच जावयास हवीत. तिसऱ्या वर्गासाठी स्वच्छता व योग्य जंतुनाशक पुरेसे होते. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसची वाफ १५ ते २० मिनिटे, किंवा १३४ अंशांची वाफ ३ ते ४ मिनिटे, आपले काम चोख बजावते आणि शेवटी उरते केवळ पाणी. मात्र उपकरणे आधी घासून स्वच्छ केलेली असली पाहिजेत. चूळ भरण्यासाठी प्लॅस्टिकच्या पेल्याऐवजी स्टीलचा पेला ठेवला, तर तोही याच वाफेतून शुद्ध होतो.

तिसरा विवेक रसायनांचा. ग्लुटराल्डिहाइडची वाफ डोळ्यांना व श्वसनमार्गाला त्रास देते. सोडियम हायपोक्लोराइट उपयुक्त खरे. पण ते आम्लात मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन मात्र पाणी व प्राणवायूत होते. कोणतेही जंतुनाशक ठरलेल्या प्रमाणात व ठरलेला वेळ पृष्ठभागावर राहू द्यावे. अधिक ओतल्याने अधिक शुद्धी होत नाही. माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच बजावले होते.

चौथा विवेक कचऱ्याचा. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, नळ्या व हातमोजे लाल पिशवीत, सुया छिद्र न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि काच निळ्या खोक्यात जाते. साधा कागद पिवळ्या पिशवीत टाकला, तर तो विनाकारण भट्टीत जळतो. क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक जळाले, तर डायॉक्सिन व फ्युरान ही घातक द्रव्ये हवेत मिसळतात. आणि एखादी सुई साध्या पिशवीत गेली, तर ती सफाई कामगाराच्या हातात रुतते. हिपॅटायटिस बीचा धोका त्या हाताला असतो. तो दवाखान्यात उपचारासाठी कधी आलेलाही नसतो.

५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित झाले. भीती ओसरली, परंतु भीतीपोटी जडलेल्या उधळपट्टीच्या सवयी आणि भीती ओसरताच येणारी बेफिकिरी, ही दोन्ही संकटे दाराशी उभी आहेत. दानशूरांच्या साहाय्याने दवाखाने चालविणाऱ्या संस्थांनी नवी खुर्ची घेण्यापूर्वी उत्तम ऑटोक्लेव्ह, मोकळी खिडकी आणि प्रशिक्षित साहाय्यक यांचा विचार प्रथम करावा. पुढच्या दाराने येणारा रुग्ण आणि मागच्या दाराने कचऱ्याची पिशवी नेणारा कामगार, दोघेही निरोगी राहिले, तरच तो दवाखाना खऱ्या अर्थाने निर्जंतुक म्हणता येईल.