शोक आणि मध्यस्थीची प्रार्थना

मृत्यूने नाते संपते काय, हा प्रश्न सर्वच धर्मांना पडलेला आहे. कॅथलिक परंपरेने त्याचे जे उत्तर दिले ते सिद्धांतापेक्षाही प्रार्थनेच्या रूपाने अधिक स्पष्ट दिसते. एका माणसाने दुसऱ्यासाठी देवाजवळ केलेल्या याचनेला मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. ती जिवंत माणसे एकमेकांसाठी करतात, मृतांसाठी करतात आणि स्वर्गवासी संतांनी, विशेषतः येशूची माता मारिया हिने, ती आपल्यासाठी करावी अशी विनंतीही करतात. पृथ्वीवरील भाविक, मृत्यूनंतर शुद्ध होत असलेले आत्मे आणि देवदर्शन लाभलेले संत ही तिन्ही मंडळी ख्रिस्ताच्या ठायी एकाच कुटुंबात बांधलेली आहेत, अशी या प्रार्थनेमागील धारणा आहे.

देव आणि मानव यांच्यामध्ये ख्रिस्त हा एकच मध्यस्थ आहे असे पौलाच्या नावाने असलेले तीमथ्याला पहिले पत्र सांगते. मग संतांची गरज काय, असा आक्षेप यावर घेतला जातो. चर्चची शिकवण अशी की संत दाते नसून सहयाचक आहेत, आणि शेजाऱ्याला आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगितल्याने जसे ख्रिस्ताचे स्थान उणे होत नाही, तसे संतांना सांगितल्यानेही होत नाही. म्हणूनच केवळ देवाची करायची उपासना, म्हणजे लात्रिया, आणि संतांविषयीचा आदर, म्हणजे दुलिया, यांत धर्मशास्त्राने कडक भेद केला आहे.

या प्रार्थनेचा शोकाशी असलेला संबंध जितका स्वच्छ प्राचीन ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ संत ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाच्या नवव्या भागात दिसतो तितका क्वचितच कुठे दिसत असेल. इसवी सन 387 मध्ये ऑगस्टीनची आई मोनिका आफ्रिकेला परत निघाली असता रोमजवळच्या ओस्तिया बंदरात तापाने आजारी पडली आणि नवव्या दिवशी वारली. ती 56 वर्षांची होती आणि मुलगा 33 वर्षांचा. तिने मायदेशी पतीच्या शेजारी स्वतःसाठी थडगे आधीच तयार करून ठेवले होते आणि त्याची तिला मोठी काळजी असे. परंतु अखेरच्या दिवसांत तिने मुलांना सांगितले की देह कुठेही पुरा, त्याची चिंता नको. तुम्ही जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच मागणे आहे.

तिने प्राण सोडताच नातू अदेओदातुस मोठ्याने रडू लागला आणि भोवतालच्यांनी त्याला गप्प केले, कारण श्रद्धावंत स्त्रीच्या मृत्यूवर आक्रोश करणे त्यांना अयोग्य वाटले. ऑगस्टीननेही डोळे कोरडे ठेवले. थडग्यापाशी तिच्यासाठी ख्रिस्तयाग, म्हणजे मिस्सा, अर्पण झाली तेव्हाही तो रडला नाही. स्नानाने दुःख हलके होते असे ऐकले होते म्हणून त्याने स्नान केले, पण दुःख तसेच राहिले. शेवटी झोपून उठल्यावर, एकांतात, देवासमोर त्याने अश्रू मोकळे केले, आणि या रडण्यात कुणाला पाप दिसत असेल तर त्याने हसू नये, माझ्यासाठी रडावे, असे त्याने लिहून ठेवले.

हे लिखाण आईच्या मृत्यूनंतर सुमारे दहा वर्षांनी झाले, आणि त्याचा शेवट विलापात होत नाही. ऑगस्टीन आईच्या सद्गुणांची यादी बाजूला ठेवून तिच्या पापांची क्षमा मागतो आणि ग्रंथाच्या वाचकांना विनंती करतो की त्यांनी वेदीपाशी मोनिका आणि तिचा पती पात्रिसियुस यांचे स्मरण करावे. दहा वर्षांत शोक नाहीसा झाला नाही. त्याला करण्यासारखे एक काम मिळाले, आणि त्या कामात अनोळखी माणसेही सहभागी झाली.

याच ऑगस्टीनने उतारवयात, नोलाचा बिशप पावलिनुस याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून मृतांच्या काळजीविषयी एक छोटा ग्रंथ लिहिला. अंत्यविधीचा थाट हा मृतांना साहाय्य होण्यापेक्षा जिवंतांचे सांत्वन असतो, मृतांना उपयोग होतो तो ख्रिस्तयाग, प्रार्थना आणि दानधर्म यांचा, असे त्याने तेथे मांडले. दानधर्माचा हा धागा मोनिकाच्याच आयुष्यात आधी दिसतो: आफ्रिकेतील रीतीप्रमाणे ती मिलानमध्ये हुतात्म्यांच्या थडग्यांवर लापशी, भाकरी आणि द्राक्षारस घेऊन गेली असता बिशप अँब्रोजची मनाई सांगून दारवानाने तिला अडवले, आणि तेव्हापासून तिने ते अन्न गरिबांकडे वळवले.

पुढील शतकांत मृतांसाठीच्या या प्रार्थनेला नियम आणि तिथी लाभल्या. क्लूनी मठाचा प्रमुख ओदिलो याने सर्व मृत भाविकांच्या स्मरणासाठी 2 नोव्हेंबर हा दिवस आपल्या मठांत रूढ केला आणि तेथून तो सर्वत्र पसरला. मृत्यूनंतरच्या शुद्धीच्या अवस्थेविषयीची, म्हणजे शुद्धिस्थानाविषयीची, शिकवण 1274 च्या लिओं आणि 1439 च्या फ्लोरेन्स येथील धर्मसभांनी नोंदवली. मात्र दुःखितांच्या भीतीतून पैसाही उभा राहू लागला, आणि शुद्धिस्थानातील शिक्षा माफ होईल असे सांगून चालणाऱ्या दंडमाफीच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध मार्टिन लूथरने 1517 मध्ये उठवलेला आवाज रास्त होता. ट्रेंट येथील धर्मसभेने 1563 मध्ये शुद्धिस्थानाची शिकवण कायम ठेवताना त्याभोवतीची अंधश्रद्धा आणि नफेखोरी यांना मज्जाव केला, यातच त्या दोषाची कबुली आहे. पहिल्या महायुद्धातील अगणित मृत्यूंच्या छायेत, 1915 मध्ये, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी प्रत्येक धर्मगुरूला 2 नोव्हेंबरला तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली.

गोव्यात आणि वसईत हा इतिहास पुस्तकात बंद नाही. 2 नोव्हेंबरच्या सुमारास कबरी साफ होतात, त्यांवर फुले आणि मेणबत्त्या येतात, धर्मगुरू पवित्र जल शिंपडत फिरतात. गोव्यातील अनेक घरांत लग्नापूर्वी दिवंगत पूर्वजांच्या स्मरणार्थ गरिबांना जेवू घालण्याची, ‘भिकाऱ्यांचे जेवण’ म्हणून ओळखली जाणारी रीत आहे. घरच्या आनंदात मृतांचा वाटा आधी निघतो आणि तो भुकेल्यांच्या पानात वाढला जातो. मोनिकाने मिलानमध्ये जे केले त्याच्याशी याचे नाते उघड आहे.

यावरून मध्यस्थीच्या प्रार्थनेविषयी एक निर्णय करता येतो. ती शोकावरचा उतारा नाही, आणि आजारी माणूस वाचावा म्हणून केलेली याचना फळली नाही तर ती करणाऱ्यांची श्रद्धा कमी पडली असे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. आपला मित्र लाजर याच्या थडग्यापाशी स्वतः येशू रडला असे योहानाचे शुभवर्तमान सांगते, आणि रडून झाल्यावर त्याने प्रार्थना केली. म्हणून शोकाकुल घरी ‘देवाची इच्छा’ एवढे सांगून रडणाऱ्याला गप्प करणे ही भक्ती नव्हे. तेथे जाणाऱ्याने रडणाऱ्याला रडू द्यावे, मृताचे नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करावी आणि त्याच्या नावाने एखाद्या भुकेल्याला जेवू घालावे. या परंपरेने शोकाला दिलेला धर्म हाच आहे.