दोन्ही संघांनी जिंकलेला सामना



गोवंशासाठी ओळखल्या जाणाऱ्या या देवणीत जपानी कार्टूनवर व्याख्यान, याचं काहींना नवल वाटलं असेल. पण आपली पोरं मोबाइलवर 'ब्लू लॉक' ही फुटबॉलची मालिका बघतात, आणि त्या वाटेवर फार आधी चालून गेली ती 'कॅप्टन त्सुबासा'. योइची ताकाहाशींची ही चित्रकथा 1981 मध्ये आली, 1983 मध्ये तिची मालिका झाली. तेव्हा जपानात बेसबॉलचं राज्य होतं. व्यावसायिक जे-लीग 1993 ची, आणि विश्वचषकात जपान पहिल्यांदा उतरला तो 1998 मध्ये.

मला बोलायचंय ते या मालिकेतल्या शालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्यावर, नानकात्सु विरुद्ध तोहो. नायक त्सुबासा जहाजाच्या कप्तानाचा मुलगा. समोरचा, तोहोचा कोजिरो ह्युगा मात्र बाप गेलेला, घरासाठी पोरवयातच कामाला लागलेला. कुणाला न विचारता तो ओकिनावाला जातो, उसळत्या लाटांवर चेंडू मारमारून सराव करतो. परत आल्यावर प्रशिक्षक त्याला बाहेर बसवतात. अख्खा संघ विनवण्या करतो, तेव्हा कुठं अंतिम सामन्यात त्याला मैदान मिळतं.

या मालिकेत चेंडू पायातून सुटून गोलपर्यंत पोचेस्तोवर एखाद्या पोराचं निम्मं बालपण सांगून होतं. लोक याला हसतात. मला मात्र आपले कीर्तनकार आठवतात. आख्यानात बाण सुटलेला असतो आणि बुवा तो तसाच हवेत ठेवून मागची सगळी कथा सांगतात. मंडपात घाई कुणालाच नसते. इथं तो वेळ एकट्या नायकाला मिळत नाही. ह्युगाला मिळतो, गोलरक्षकालाही मिळतो. त्यामुळे सामना 4-4 असा सुटून दोन्ही संघ संयुक्त विजेते ठरतात, तेव्हा ती पळवाट वाटत नाही. ह्युगा हरावा असं मनापासून म्हणणारं तोवर कुणी उरलेलंच नसतं.

अरब देशांत हाच त्सुबासा 'कॅप्टन माजिद' झाला. 2004 मध्ये इराकमधल्या समावा इथं जपानी सैन्य पाणी पुरवत होतं, तेव्हा त्यांनी टँकरवर त्याची चित्रं लावली. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पाहिलेल्या आपल्या लातूर जिल्ह्याला, त्या टँकरकडे लोक कशा नजरेनं बघत असतील, हे मी काय सांगू?

आणि आपल्याकडे? नागपुरात विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या मुलांच्या पायात फुटबॉल दिला. त्यावरून नागराज मंजुळेंनी 2022 मध्ये 'झुंड' हा चित्रपट आणला. त्यातही वस्तीतली पोरं कॉलेजच्या संघाशी भिडतात. जपानी मालिकेनं ज्याला प्रतिस्पर्धी केलं, तो ह्युगा इथं नायक आहे. घरी पोरांसोबत हे दोन्ही सामने लागोपाठ बघा, आणि त्यांना एवढंच विचारा, की ह्युगाला आधी मैदानाबाहेर का बसावं लागलं.