स्वप्नाला साक्षीदार कोण?

(तंजावर येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

गुन्ह्याच्या कथेत स्वप्न आले की प्रेक्षकांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, गुन्हेकथा पुराव्यावर चालते. कोणी, कुठे, केव्हा, कशासाठी याची उत्तरे जागेपणीच मिळाली पाहिजेत, स्वप्न ही लेखकाची पळवाट. दुसरा तट म्हणतो, माणूस पोलिसांशी खोटे बोलतो, बायकोशी बोलतो, डॉक्टरशीही बोलतो. स्वप्नात मात्र त्याची थापेबाजी चालत नाही. दोन्हीकडे जाणते, मन लावून मालिका पाहणारे लोक आहेत. या व्याख्यानाचा पक्ष तिसरा आहे. स्वप्न दाखवायला हरकत नाही, लांबलचक दाखवायलाही नाही. पण त्या स्वप्नाला जागेपणीचा साक्षीदार मिळालाच पाहिजे. हा नियम अमेरिकेतून आणावा लागत नाही. तंजावरपासून सुमारे १८ किलोमीटरवरच्या मेलत्तूरला, भागवत मेळ्यातल्या एका नाटकाच्या कथेत तो पूर्ण पाळलेला सापडतो.

वाद ज्या मालिकेवरून सर्वांत जास्त पेटला ती ‘द सोप्रानोज’. १० जानेवारी १९९९ ते १० जून २००७ या काळात तिचे ८६ भाग प्रसारित झाले. कर्ता डेव्हिड चेस. मालिका बहुतेकांनी पाहिलेली आहे, त्यामुळे कथा सांगत बसण्याचे कारण नाही. न्यू जर्सीतला माफियाचा म्होरक्या टोनी, त्याचे दोन्ही अर्थांनी कुटुंब, आणि मानसोपचार करणाऱ्या डॉक्टर मेल्फी, एवढे पुरे.

तिच्यातली दोन स्वप्ने शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. पहिले २००० सालच्या ‘फनहाउस’ या भागातले. टोनीला अन्नातून विषबाधा होते, ताप चढतो, आणि तापात तो समुद्रकाठच्या लाकडी फळ्यांच्या वाटेवर भटकतो. तिथे बर्फावर मांडलेल्या मासळीतला एक मासा त्याच्या जुन्या मित्राच्या, साल बॉनपेनसिएरोच्या आवाजात बोलू लागतो आणि आपण सरकारी तपासयंत्रणेला सामील असल्याची कबुली देतो. टोनी उठतो, मित्राच्या घरी जातो, पोट बिघडल्याचे निमित्त करून वर जातो, झोपायच्या खोलीत शोधाशोध करतो आणि लपवलेले ध्वनिमुद्रणाचे साहित्य त्याच्या हाती लागते. मग मित्राला नौकेवर नेऊन ठार करतात. या स्वप्नावर फारसा कोणी रागावला नाही. टोनीला मनातून ठाऊक होते आणि कबूल करायचे नव्हते, ते माशाने सांगितले. आणि माशाचे म्हणणे खोलीतल्या वस्तूने सिद्ध केले.

दुसरे स्वप्न २००४ सालच्या ‘द टेस्ट ड्रीम’ या भागातले. टोनी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात एकटा झोपला आहे. स्वप्न सुमारे वीस मिनिटे चालते. मेलेली माणसे मोटारीत भेटतात, शाळेतले फुटबॉलचे प्रशिक्षक टोमणे मारतात, पिस्तुलातल्या गोळ्या बोटांत भुगा होतात, टोनी घरातल्या दिवाणखान्यात घोड्यावर बसलेला दिसतो. खरा वाद इथे पेटला. गुन्हेमालिकेच्या एका तासातली वीस मिनिटे घोड्यावर आणि प्रशिक्षकांवर का घालवायची?

दूरचित्रवाणीवर स्वप्नाचा विश्वासघातही झालेला आहे, आणि पहिल्या तटाचा राग तिथून येतो. ‘डॅलस’ या अमेरिकी मालिकेत मेलेला बॉबी मे १९८६ मध्ये न्हाणीघरात अंघोळ करताना दिसला, आणि पुढे कळले की मधला अख्खा हंगाम त्याच्या बायकोला पडलेले स्वप्न होते. मराठी मालिकांत शनिवारी नायिका दरीत कोसळते आणि सोमवारी दचकून उठते, तेही त्याच जातीचे. अशी स्वप्ने घडलेले पुसून टाकतात. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही.

स्वप्नांची छाननी आपल्याकडे वैद्यांनी केलेली आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नाचे सात प्रकार सांगितले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक (पुढचे सुचवणारे) आणि दोषज (शरीरातल्या दोषांमुळे पडणारे). पाहिलेल्या, ऐकलेल्या, भोगलेल्या, इच्छिलेल्या आणि कल्पिलेल्या गोष्टींची पहिली पाच स्वप्ने निष्फळ. दिवसा पडलेले, फार छोटे किंवा फार लांब स्वप्नही निष्फळ. आणि जे पाहिल्यावर माणूस पुन्हा झोपत नाही, त्याचे फळ मोठे आणि तत्काळ. रोग्याचे स्वप्न ऐकून त्याच्या आयुष्याचा अंदाज घेणाऱ्या वैद्याची ही सावधगिरी आहे. बोलक्या माशाचे स्वप्न या मापाने सरळ दोषज ठरते, कारण पोट बिघडल्यामुळेच ते पडले. आणि दोषज स्वप्न चरकाने निष्फळांच्या यादीत टाकलेले नाही.

आता मेलत्तूर. इथे थोडे थांबावे लागेल, कारण विषयाचा गाभा इथे आहे. तंजावरच्या मराठी राजांचे रंगभूमीवरचे प्रेम या सभागृहाला नव्याने सांगायला नको. शहाजीराजांनी (राज्यकाल १६८४ ते १७१२) लिहिलेली मराठी नाटके सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत, आणि सांगलीचे ‘सीता स्वयंवर’ १८४३ चे, तंजावर किती आधीचे ते कळायला ही साले पुरेशी आहेत. मेलत्तूरची नाटके तेलुगूत, वेंकटराम शास्त्रींनी रचलेली. हे शास्त्री मराठी राजवटीतच होऊन गेले. वरदराज पेरुमाळ मंदिरासमोरच्या रस्त्यावर, नृसिंहजयंतीच्या सुमारास, रात्री उशिरा खेळ सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. सर्व पात्रे पुरुषच करतात. कोणंगी हा विदूषक येऊन लोकांना हसवतो, गणपतीचा मुखवटा घातलेला लहान मुलगा नाचून जातो, मग प्रत्येक पात्र आपापल्या प्रवेशाच्या गाण्यावर येते. प्रल्हादचरित्र सर्वांत प्रसिद्ध. पण गुन्हेकथेच्या अभ्यासकाने पाहावे ते ‘उषा परिणयम्’.

उषा ही शोणितपूरच्या बाणासुराची मुलगी. विष्णुपुराणात पार्वती तिला सांगते की वैशाख शुद्ध द्वादशीला जो स्वप्नात येईल तो तुझा पती. नृसिंहजयंती वैशाख शुद्ध चतुर्दशीला, म्हणजे उषेचे स्वप्न आणि मेलत्तूरचा उत्सव यांत दोनच तिथींचे अंतर आहे. भागवताच्या दहाव्या स्कंधात मात्र पार्वतीच्या वरदानाचा आधार नाही, आणि तपासाच्या दृष्टीने तीच कथा अधिक कसाची. उषेने जो पुरुष स्वप्नात पाहिला, तो तिने पूर्वी कधी पाहिलेला नव्हता आणि त्याच्याविषयी ऐकलेलेही नव्हते, असे भागवत मुद्दाम सांगते. चरकाच्या यादीतले पहिले दोन प्रकार तिथेच बाद झाले.

उषा सख्यांच्या देखत हाका मारीत उठते. मंत्र्याची मुलगी चित्रलेखा तिला विचारते, कोणाला शोधतेस? उषेला नाव सांगता येत नाही, वर्णनही जेमतेम. चित्रलेखा तिला वेड्यात काढत नाही आणि स्वतःहून नावही सुचवत नाही. ती चित्रे काढू लागते. आधी देव, मग गंधर्व, सिद्ध, चारण, नाग, दैत्य, विद्याधर, यक्ष, आणि मग माणसे. माणसांत वृष्णिकुळातली: शूर, वसुदेव, बलराम, कृष्ण. उषा पाहत राहते. प्रद्युम्नाचे चित्र समोर येताच ती लाजते. इथे घाईचा तपासनीस थांबला असता, आणि चुकला असता. चित्रलेखा पुढचे चित्र काढते. प्रद्युम्नाचा मुलगा अनिरुद्ध चित्रात उतरतो आणि उषा मान खाली घालून, हसत म्हणते, हाच तो.

लाजेचा तो क्षण पुन्हा पाहावा. बाप आणि मुलगा दिसायला सारखे, म्हणून साक्षीदार बापाच्या चित्रापाशी अडखळते. ओळखपरेडमध्ये संशयिताला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या लोकांत उभे करतात ते याच कारणासाठी: अडखळणे आणि ओळखणे यांतला फरक दिसावा. कथाकाराने तो फरक एका लाजेत आणि एका खाली गेलेल्या मानेत दाखवला आहे. (मागच्या रांगेतून: चित्रलेखेला गुन्हे शाखेतच घ्यायला हवे होते! हशा.) घ्यायलाच हवे होते. ‘ट्विन पीक्स’ मध्ये, १९९० साली, तेच घडते. खून झालेल्या लॉराची आई साराह हिला एक अनोळखी चेहरा भासात दिसतो, आणि डेप्युटी अँडी तिच्या सांगण्यावरून त्याचे रेखाचित्र काढतो. तपास अधिकारी कूपर आधी स्वप्न पाहतो, खुनी कोण ते आपल्याला कळले असा फोन करतो आणि सकाळी विसरतो. ते स्वप्न लोकांना आवडले, पण तपास पुढे सरकला तो अँडीच्या पेन्सिलीने.

इथे एक आक्षेप येतो आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. चित्रलेखा योगिनी आहे, आकाशमार्गाने द्वारकेला जाते, निजलेल्या अनिरुद्धाला उचलून आणते. पुराणात हे चालते, गुन्हेमालिकेत कसे चालेल? उत्तर असे की योगसिद्धी येते ती ओळख पटल्यानंतर, माणूस आणण्यासाठी. ओळख पटवण्याचे सगळे काम हाताने आणि डोळ्यांनी झालेले आहे. कथेचा पुढचा भागही सिद्धीवर चालत नाही. अंतःपुराच्या पहारेकऱ्यांना उषेत झालेला बदल दिसतो, ते बाणाला वर्दी देतात, बाण येतो तेव्हा दोघे द्यूत खेळत बसलेले असतात. अनिरुद्ध नागपाशात सापडतो आणि पावसाळ्याचे चार महिने उलटल्यावर नारदामुळे द्वारकेला पत्ता लागतो. म्हणजे एका स्वप्नापाठी तीन तपास: सखीचा, पहारेकऱ्यांचा, द्वारकेचा. पुराणाला गुन्हेकथेच्या पंगतीत बसवून कमी लेखल्याची तक्रारही होईल. ती मान्य करता येत नाही. भागवतकाराने साक्ष, ओळख आणि वर्दी यांचा इतका चोख क्रम लावला असेल, तर त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

घड्याळ आता घाई करत आहे, त्यामुळे भासाच्या ‘स्वप्नवासवदत्ता’ला मिळायला हवा तेवढा वेळ देता येणार नाही. राणी वासवदत्ता लावाणकाच्या आगीत जळाली अशी हूल मंत्री यौगंधरायणाने उठवलेली. राणी जिवंत, वेष पालटून राहिलेली. पाचव्या अंकात राजा उदयन झोपेत बडबडतो, आणि त्याला त्याची नवी राणी पद्मावती समजून जवळ बसलेली वासवदत्ता त्याचा खाली लोंबणारा हात उचलून शय्येवर ठेवते व निसटते. राजा अर्धवट जागा होऊन तिच्यामागे धावतो, दारावर आदळतो. विदूषक म्हणतो, स्वप्न असेल, नाहीतर या नगरात राहणारी यक्षिणी दिसली असेल. राजाजवळ पुरावा एकच, तिने धरलेल्या हातावरचे रोमांच अजून उतरलेले नाहीत. सहाव्या अंकात उज्जयिनीहून वासवदत्तेचे चित्र येते आणि पद्मावती ते पाहून ओळखते की अशीच एक स्त्री आपल्या घरी आहे. पुन्हा चित्रच साक्ष देते.

राहिला प्लाझा हॉटेलातला खटला. वीस मिनिटांचे स्वप्न चरकाच्या शब्दांत अतिदीर्घ, म्हणून पहिल्या तटाची बाजू भक्कम दिसते. पण त्या स्वप्नात टोनीचा मावसभाऊ टोनी ब्लंडेट्टो रस्त्यात न्यूयॉर्कच्या टोळीतल्या फिल लिओटार्डोवर गोळ्या झाडतो आणि जमाव टोनीला विचारतो, तू त्याला का अडवले नाहीस? जागे झाल्यावर टोनीचा साथीदार ख्रिस्तोफर बातमी आणतो की ब्लंडेट्टोने खरोखरच लिओटार्डो भावांवर हल्ला केला आणि फिलचा भाऊ बिली मारला गेला. टोनीला हे आधीच जाणवलेले होते आणि त्याने काही केले नव्हते. पहाटेच्या सुमारास तो बायकोला फोन करतो, आणि पुन्हा त्या प्रशिक्षकांचे स्वप्न पडल्याचे तिला सांगावेही लागत नाही. भागाच्या अखेरीस तो जागाच आहे. चरकाने मोठ्या फळाची खूण म्हणून सांगितलेली हीच स्थिती. गोळीबाराला साक्षीदार आहे, भुगा झालेल्या गोळ्यांनाही आहे, कारण या प्रकरणात टोनीचा हात वेळेवर चाललाच नाही. स्वप्नाच्या या अंशांपुरता निकाल चेस यांच्या बाजूने. दिवाणखान्यातल्या घोड्याला मात्र त्या भागात कोणी साक्षीदार भेटत नाही, आणि तेवढ्यापुरती पहिल्या तटाची तक्रार उभी राहते.