त्वचेचे वय आणि आपली जबाबदारी

(शाळेच्या पालक-शिक्षक सभेत दिलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. मराठी आणि इतिहास शिकवणारा एक साधा शिक्षक आहे. तरीही आजच्या सभेत त्वचेवर बोलण्याची परवानगी मी मुख्याध्यापकांकडून मुद्दाम मागून घेतली. त्याचे कारण शेवटी सांगेन.

गेल्या महिन्यात आठवीच्या मुलांना मी एक घरचा अभ्यास दिला होता. घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या पंजाच्या वरची कातडी हलकेच चिमटीत धरायची, सोडायची आणि मग तेच आपल्या हातावर करून पाहायचे. मुलांची कातडी क्षणात सपाट झाली. वृद्धांची चिमटी मात्र थोडा वेळ तशीच उभी राहिली. एका मुलाने वहीत आणखी एक वाक्य लिहिले होते, "सर, आमच्या दादीचा पंजा म्हातारा आहे, पण दंडाची आतली बाजू अजून मऊ आहे." माझ्या आजच्या विषयाचे सार या मुलाने एका वाक्यात सांगून टाकले आहे. माणूस एकच, वय एकच, मग कातडी दोन वयांची कशी?

त्वचेचा वरचा थर पातळ असतो. जुन्या पेशी झडतात, खालून नव्या येतात. तरुणपणी हे चक्र साधारण महिनाभरात पुरे होते. वय वाढले की ते मंदावते. खालच्या थरात कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाचे तंतू असतात. खाटेच्या सुंभासारखे ते त्वचेला ताणून धरतात. वयाबरोबर हे तंतू कमी होतात, तेलग्रंथी मंदावतात, कातडीखालची चरबी विरळ होते. म्हणून कातडी सैल, कोरडी आणि नाजूक होते. हे वार्धक्य निसर्गाचे आहे. ते कोणालाही चुकलेले नाही.

दुसरे वार्धक्य बाहेरून येते आणि त्याचे मोठे कारण म्हणजे ऊन. दादीचा पंजा जन्मभर उन्हात राबला. दंड बाहीखाली झाकलेला राहिला. २०१२ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रकचालकाचे छायाचित्र छापून आले. त्याने २८ वर्षे ट्रक चालवला होता. तिकडे चालक डाव्या बाजूला बसतो. त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी अधिक सुरकुतलेली होती. उन्हातील काही अदृश्य किरण काचेतूनही आत येतात आणि खोलवरचे तंतू तोडतात, त्याचा हा पुरावा होय.

यावर उपाय आहे काय? ऑस्ट्रेलियात ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना रोज सनस्क्रीन लावण्यास सांगितले होते, त्यांच्या त्वचेचे वार्धक्य इतरांच्या मानाने २४ टक्क्यांनी कमी आढळले. ज्यांना सनस्क्रीन परवडत नाही त्यांनी निराश होऊ नये. छत्री, टोपी, ओढणी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि दुपारची सावली यांना फार पैसे पडत नाहीत.

आता आपल्या रंगाविषयी. आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य अधिक असते. ते उन्हापासून बऱ्याच अंशी रक्षण करते. म्हणूनच गोऱ्या कातडीपेक्षा सावळ्या कातडीवर सुरकुत्या उशिरा येतात, मात्र काळे डाग लवकर पडतात. म्हणजे सावळा रंग हा दोष नसून निसर्गाने दिलेली छत्री आहे. आणि ही छत्री आपण पैसे देऊन फाडून घेतो!

आता ते कारण सांगतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या परवानगीने सांगतो आहे. तिला दोन स्थळांनी रंगावरून नकार दिला. मी स्वतः बाजारातून, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, एक ट्यूब आणून तिच्या हाती दिली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. घरात सर्वांना आनंद झाला. तीन-चार महिन्यांनी गाल लाल झाले, पुरळ उठले, बारीक लव आली. मलम बंद केले की आग अधिकच भडके, म्हणून ती पुन्हा लावी. अखेर तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी ट्यूबवरची बारीक अक्षरे मला मोठ्याने वाचायला लावली. त्यात स्टिरॉइड होते. मुलांना वाचायला शिकवणे हे ज्याचे काम, त्याने तेवढे वाचले नव्हते. चेहरा सावरायला दीड वर्ष लागले. गालांवरच्या लाल शिरा आजही दिसतात. तिचे लग्न पुढे त्याच सावळ्या रंगावर झाले आणि ती सुखात आहे.

स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते उपयोगीच आहे. पण चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावल्यास ते त्वचा पातळ करते, म्हणजे विशीतल्या मुलीला म्हातारपणाची कातडी देते. २०१८ साली केंद्र सरकारने अशा चौदा औषधांची मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. काही गोरेपणाच्या मलमांत पारा सापडला आहे आणि तो मूत्रपिंडाला अपाय करतो. परदेशातून सामानात येणाऱ्या, घटक न छापलेल्या डब्यांबाबत म्हणूनच विशेष सावध राहावे.

रोजची निगा सोपी आहे. फार कढत पाणी व उग्र साबण टाळावा. अंग घासू नये. स्नानानंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावावे. विडी-सिगारेट सोडावी, ती त्वचेचा रक्तपुरवठा घटवते. मधुमेह असणाऱ्यांनी रोज पाय तपासावेत. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, नाहीतर पाठीला जखमा होतात. न भरणारी जखम किंवा आकार व रंग बदलणारा तीळ दिसल्यास विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर कपाटातल्या प्रत्येक ट्यूबवरची बारीक अक्षरे वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा. आणि पालकहो, मुलीच्या रंगावर घरात कोणी बोलले तर तिथल्या तिथे थांबवा. सुरकुत्या येणारच आहेत. दादीच्या हातावरच्या सुरकुत्या तिच्या कष्टांच्या आहेत, त्यांची लाज कशाला? लाज वाटायची तर माझ्यासारख्या न वाचता ट्यूब आणणाऱ्यांना वाटावी.